निरगाठ आणि सुरगाठ

धक्क्याच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती. तिथे बायका गळ बांधायला बसत. मधोमध एकच टेबल, त्याच्या कडेला प्रत्येकीपुढे एक खिळा ठोकलेला, आणि डोक्यावर फडफडणारी ट्यूबलाइट. बांधलेला गळ खिळ्यात अडकवायचा, दोरीला कचकचून हिसका द्यायचा आणि गाठ टिकली तरच तो टबाच्या कडेला टोचायचा, असा रिवाज. टेबलाच्या वरच्या टोकाला जी बसायची, तिला शेडमध्ये सगळे निरगाठ म्हणत. निरगाठ म्हणजे ओढाल तितकी आवळत जाणारी गाठ. तिच्या हातची गाठ सुटलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव.

ती लग्न होऊन आली तेव्हा तिला गळाचं टोक कुठलं आणि दांडा कुठला हेही ठाऊक नव्हतं. शिकवलं नणंदेनं. नणंद शेडची मुकादमीण, बोलायला फटकळ, पण शिकवायला बसली की हातचं राखायची नाही. ते गळ बिनडोळ्याचे असत. दोरी ओवायला भोकच नाही, दांड्याचं डोकं नुसतं चपटं ठोकलेलं. दोरी दांड्याला लावून धरायची, तिचा फास ठेवायचा, मग वेढ्याला वेढा चिकटवत दांड्यावर गुंडाळायची आणि टोक फासातून काढायचं. "आणि आता थुंकी," नणंद म्हणायची. "कोरडी ओढलीस तर नायलॉन घासून तापतं. वरून दिसत नाही, पण आतून जळतं. मासा मोठा लागला की नेमकं तिथंच तुटतं." म्हणून बायका गाठ ओठात धरून ओली करत आणि मग हळूहळू ओढत. दिवसभर जिभेवर नायलॉनची आणि लोखंडाची चव. संध्याकाळी चहासुद्धा लोखंडी लागायचा.

वर्षभरात ती नणंदेच्या पुढे गेली. नणंदेला त्याचं वाईट वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. उलट मालकापुढे स्वतःच म्हणाली, "सांधे हिच्याकडे द्या." सांधे म्हणजे मोठं काम. समुद्रात सोडायचा मुख्य दोर एकसलग येत नाही, तुकडे येतात. ते एकमेकांना जोडायचे. एखादा गळ सुटला तर एक मासा जातो. सांधा सुटला तर अर्धा दोर, त्यावरचे सगळे गळ, लागलेले मासे, सगळंच समुद्राला अर्पण. त्यामुळे सांधे बांधायचा मान टेबलावर एकीलाच असे.

तिचा नवरा त्याच मालकाच्या बोटीवर खलाशी होता. दोर ओढून घ्यायच्या चाकावर त्याची नेमणूक. माणूस हसरा, गप्पिष्ट, चार जणांत बसला की मैफल जमवणारा. धक्क्यावर लोक चेष्टा करत, "हिनं बांधायचं आणि ह्यानं ओढायचं, दोघांचा संसार एकाच दोरावर!" तीही हसायची. तिला ते आवडायचं. दोर टबात वेटोळून भरताना, हा आता त्यांच्या हातात जाणार, असं तिच्या मनात येई. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मग ती सफर आली. बोट परतली ती अर्धे टब रिकामे घेऊन. तिकडे वारा सुटला होता, दोराच्या टोकाचा तरंगता बोया शोधत दिवसभर फिरले, बोया काही दिसला नाही. धक्क्यावर मालक, बोट चालवणारा तांडेल, खलाशी असे सगळे घोळक्यानं उभे होते. शेडमधल्या बायका दारात आल्या. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"सांधा सुटला," तांडेल म्हणाला.

"माझा सांधा सुटणार नाही," ती म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं, इतक्या माणसांत आपला आवाज निघाला म्हणून. "टोक दाखवा. गाठ सुटली असेल तर टोकाला पीळ राहतो, डुकराच्या शेपटीसारखा. दाखवा मला."

तांडेलानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "टोक पार पिंजलं होतं. कापून टाकलं मी." आणि मग, तिच्याकडे न बघता, "मी डोळ्यांनी बघितलं. सुटलाच तो."

आता यावर काय बोलणार? परका असता तर भांडता आलं असतं. इथे साक्ष द्यायला उभा होता तो तिचाच माणूस. तिथेच, सगळ्यांपुढे, ती रडायला लागली, आणि रडली म्हणजे कबूल झाली असंच सगळ्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेनं तिला शेडच्या दारातच अडवलं. "घरचं माणूस म्हणून ठेवून घेतलं तर बाकीच्या माझ्या नावानं खडे फोडतील. मालकाला काहीतरी करून दाखवायला हवं. समजून घे." तिनं समजून घेतलं. आत तिच्या खिळ्यापुढे दुसरी बसलेली दिसत होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "निरगाठ कसली, सुरगाठ निघाली!" आणि टेबलभर हसू पसरलं. एका हिसक्यात सुटते ती सुरगाठ. हे नाव असं चिकटलं, की पहिलं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

शेडमधून निघाली ती बर्फाच्या कारखान्यात लागली. माशांच्या पेट्यांत बर्फ भरायचा. रबरी हातमोजे मिळत, पण ते फाटके, आणि फाटक्या हातमोज्यात शिरलेलं पाणी उघड्या हातापेक्षा वाईट. बोटांची पेरं सुजली, मग वाकडी झाली. पण तिला बोटांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं खाल्लं. स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला. दाराची कडी लावली तरी ती अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढून बघे. गॅस बंद केला की नाही, नळ बंद केला की नाही, पुन्हा पुन्हा बघे. लेकीच्या बुटांच्या नाड्या अशा बांधी, की शाळेत बाईंना कात्री घ्यावी लागे. पोरं हसत, आणि वर्गात लेकीचं नाव पडलं, सुरगाठीची पोर. लेक घरी येऊन दप्तर आपटी आणि आईशी बोलत नसे.

आणि नवरा? नवरा फार चांगला वागला. हे तीच सगळ्यांना सांगे. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता आणि म्हणाला होता, "जाऊ दे. होतं माणसाकडून." एका शब्दानं बोल लावला नाही, पुढे कधी टोमणा मारला नाही. दुसरा असता तर जन्मभर ऐकवलं असतं! या उपकाराखाली ती वाकली ती वाकलीच. ताटात मोठा तुकडा त्याला. तो सफरीवरून आला की आधी त्याच्या आंघोळीचं पाणी, मग बाकीचं जग. तो चिडला तर ती गप्प बसे, कारण एवढ्या मोठ्या चुकीवर पांघरूण घातलेल्या माणसाशी कुठल्या तोंडानं भांडायचं? शेजारीण एकदा म्हणाली, "तू फारच दबून राहतेस बाई." तर हिनं उत्तर दिलं, "तुला नाही कळायचं. त्यांनी मला सांभाळून घेतलंय."

अशी वर्षं गेली. मालक गेला, बोट विकली गेली, नवरा घरी बसला. लेकीचं लग्न झालं. जावई शहाणासुरता, शांत, ऐकून घेणारा. असा श्रोता मिळाल्यावर सासऱ्याला काय, मोकळं रानच. जावई आला की बोटीवरच्या गोष्टी सुरू.

एका रविवारी दुपारी लेक आणि जावई जेवायला आले होते. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगल्या होत्या, ती स्वयंपाकघरात मासे तळत होती. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, नुसता पडदा होता.

"एकदा काय झालं," नवऱ्याचा आवाज आला, "दोन रात्री झोप नव्हती. चाकावर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. दोर ढिला पडला आणि गेला की बोटीखाली! सरळ पंख्यात. इंजिन असं कण्हायला लागलं, म्हशीसारखं! तांडेल बाहेर आला असता तर मला तिथंच समुद्रात ढकललं असतं. मी काय केलं? सुरी काढली आणि एका दमात दोर कापला."

"बाप रे," जावई म्हणाला. "मग?"

"मग तांडेल आला. काय झालं रे? मी म्हटलं, सांधा सुटला! लगेच! तोंडाला आलं ते बोललो. आणि कापलेलं टोक आणखी हातभर कापून पाण्यात भिरकावलं. कोण पकडणार?" तो मोठ्यानं हसला. जावईही हसला. मग त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "पण सांधा ज्यानं बांधला होता त्याचं काय झालं?"

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नवरा म्हणाला, "त्याचं काय व्हायचंय? शेडमधल्या बायका बांधायच्या."

तो त्या वेळी खरंच विसरला होता, की जावयापुढे लाज वाटून लपवत होता, हे तिला पुढे कधीच नक्की कळलं नाही. तिनं ठरवायचा प्रयत्न पुष्कळ केला. कधी एक वाटे, कधी दुसरं. दोन्हींतलं कमी वाईट कुठलं, तेही ठरेना.

"अगं, करपतंय!" बाहेरून हाक आली. तिनं गॅस बंद केला. तुकडा एका बाजूनं कोळसा झाला होता. तो तिनं तसाच त्याच्या ताटात वाढला. त्यानं ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि करपलेलं साल काढून खाल्लं. लेक मान खाली घालून बसली होती. तिनं ऐकलं होतं, आणि जावयासारखी ती नवखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नणंदेकडे गेली. नणंदेचे गुडघे गेले होते. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असे. आत्ताही ती आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होती.

"वन्सं," ती उभ्या उभ्याच म्हणाली, "तो दोर ह्यांनी कापला होता."

नणंदेनं हातातली गोळी खणात टाकली. "कोण बोललं?"

"तेच बोलले. जावयाला. गंमत म्हणून."

"गाढव आहे," नणंद म्हणाली. "पहिल्यापासून गाढवच."

म्हणजे हिला माहीत होतं! ती खाली बसली.

"मला त्याच संध्याकाळी सांगितलं त्यानं. रडत आला होता माझ्याकडे," नणंद म्हणाली. "मालकाला कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. त्याची नोकरी गेली असती तर पुन्हा कुठल्या बोटीवर कोणी घेतलं नसतं. झोपणारा खलाशी कोण ठेवतो? तुला काय, शेड नाही तर बर्फ. घर चालत राहिलं ना? मी चुकीचं नाही केलं. आजही तेच करीन."

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, घाला माझ्यावर. माझ्या नवऱ्यासाठी मी नाही म्हटलं असतं का? आनंदानं घेतलं असतं मी!"

"ठाऊक आहे," नणंद म्हणाली. "पण मग तू तशी रडली नसतीस. तुला खोटं कुठं जमतं? तू खरं रडलीस म्हणून लोकांनी खरं मानलं."

हे बोलून नणंदेनं डबीचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तर सवयीनं डबी तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाही. खुर्चीच्या हाताला धरून उठली आणि जिना उतरली. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नणंद वारली तेव्हा ती गेली, पण दारापर्यंतच.

घरी नवरा पेपर वाचत बसला होता. ती समोर उभी राहिली.

"वन्संकडून आले मी."

त्यानं पेपर खाली केला नाही. "अगं, किती वर्षं झाली त्याला! आता जुनी मढी उकरून काय मिळणार?"

"तुम्ही पाठीवर हात ठेवला होतात माझ्या. म्हणालात, होतं माणसाकडून. आठवतं?"

"म्हणालो असेन."

"तो हात कसा हो ठेववला तुमच्यानं?"

आता त्यानं पेपर खाली केला. घडी घालून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मला वाईट वाटत होतं म्हणूनच ठेवला." आणि हे खरं होतं, हे तिला दिसलं. त्यामुळे तिला जास्तच संताप आला. पक्का हरामखोर असता तर सोपं गेलं असतं.

"धक्क्यावर चला," ती म्हणाली. "चार माणसांत सांगा, सांधा सुटला नव्हता म्हणून."

"कुणाला सांगू? तांडेल गेला. मालक गेला. आहे कोण तिथं?"

"मग मी सांगते," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या.

शेड होती, पण टेबल नव्हतं. खोकी रचलेली होती छतापर्यंत. तयार बांधलेले गळ आता कुठल्याशा कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यांत येत. एक तरुण मुलगी खोकी उघडून माल तपासत होती. तिनं अदबीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. हिनं सगळं सांगितलं. दोर, पंखा, सुरी, टोक. मुलीनं मन लावून ऐकलं.

"म्हणजे इथं बायका हातानं गाठी मारायच्या?" ती म्हणाली. "दुखत नसेल का हो, मावशी?"

"सांधा सुटला नव्हता," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेव."

"हो हो," मुलगी म्हणाली. पण कुठला सांधा आणि कुणाचा, हे तिला कशाला लक्षात राहायला? तिला सुरगाठ हे नावही माहीत नव्हतं. ज्यांनी नाव ठेवलं त्या बायका कोणी मेल्या, कोणी गाव सोडून मुलांकडे गेल्या. आता निर्दोष तरी कुणापुढे ठरायचं?

लेक आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. "आई, मी तुझा राग राग केला गं. शाळेत पोरं चिडवायची आणि मला वाटायचं, हिला साधी एक गाठ नीट मारता आली नाही." मग डोळे पुसून, थोड्या वेळानं, तीच म्हणाली, "पण बाबा आता म्हातारे झालेत. रात्री नीट झोपत नाहीत म्हणाले. तू जरा..." पुढचं ती बोलली नाही, पण आईनं तिचं डोकं मांडीवरून हळूच उचललं आणि चहा ठेवायला उठली.

घर मोडलं नाही. म्हातारपणी मोडून जायचं कुठे? पण तिनं त्याला वाढणं सोडलं. स्वयंपाक करी, झाकून ठेवी, आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जाई. त्याला आधी मीठ कुठे आहे तेही माहीत नव्हतं, मग ते माहीत झालं. दार एकदाच ओढून बाहेर पडू लागली. मागे वळून बघणं बंद झालं, एवढा एकच फायदा.

आणि तिला बोलायची सवय लागली. जन्मभर गप्प बसलेली बाई, दिसेल त्याला सांगू लागली. पुतण्याच्या घरी जेवायला गेले असताना नवऱ्यानं कसलीशी बोटीवरची गोष्ट काढली, तर ती म्हणाली, "थांबा, दुसरी मी सांगते," आणि अथपासून इतिपर्यंत सांगितली. ताटांवरचे हात थांबले. कुणीतरी म्हणालं, "भात घ्या ना आणखी." त्यानंतर नवरा चारचौघांत गोष्टी सांगेनासा झाला. पण ती थांबली नाही. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बसथांब्यावर अनोळखी माणसांना सांगितलं. पहिल्यांदा लोक हळहळले. दुसऱ्यांदा मान डोलावली. तिसऱ्यांदा तिला येताना पाहून रस्ता ओलांडू लागले. शेजारीण आपल्या सुनेला म्हणाली, "आली बघ दोरवाली, दार लोटून घे." तिला ते ऐकू गेलं. ऐकू गेलं तरी ती थांबू शकली नाही.

एकदा दोघं दवाखान्यात गेले होते, त्याच्या डोळ्यांसाठी. लांब बाकावर रांगेत बसले होते. तिच्या शेजारी एक बाई होती, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली, हातात नंबराचा कागद. तिनं बाईला सांगायला सुरुवात केली. नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. त्याला आता सगळं पाठ झालं होतं, कुठल्या वाक्यानंतर कुठलं येतं तेही. बाई ऐकत होती. गोष्ट संपली तशी ती पुढे वाकली आणि उरलेल्या एका डोळ्यानं म्हाताऱ्याकडे बघत तिनं विचारलं, "खरं का हो?"

त्यानं घड्याळावरून नजर काढली. मग म्हणाला, "खरं आहे. सांधा चांगला होता. मीच कापला."

आजवर एकदाही तो हे कुणापुढे असं बोलला नव्हता. बाई काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात आतून नंबर पुकारला गेला. ती कागद सांभाळत घाईघाईनं उठली आणि आत निघून गेली.

बाकावर त्या बाईची जागा रिकामी राहिली. नवऱ्याचे हे शब्द ऐकले की छातीवरचा धोंडा उतरेल, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. भूक मात्र लागली होती. ती घाईत निघाली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"पुढं सरका," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं एकेक जागा पुढे सरकले.